काँग्रेसचा १९३६ चा जाहीरनामा : किंमत कोणी मोजायची?

राजकीय पक्षाचा जाहीरनामा ही गंभीरपणे वाचायची गोष्ट आहे असे आपल्याकडे फारसे कुणी मानत नाही. निवडणूक संपली की तो रद्दीत जातो. ज्यांनी तो लिहिला ते विसरतात आणि ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्या हातात बहुधा तो पडलेलाच नसतो. आपल्या चळवळीतही जाहीरनाम्याचे दोनच उपयोग झाले. एक तर तो वाटला गेला, नाहीतर भरसभेत फाडला गेला. त्याची चिकित्सा मात्र क्वचितच झाली. वास्तविक दलित वाङ्मयाने आपल्याला शब्दांकडे संशयाने पाहायला शिकवले आहे. कोण बोलतो, कुणाविषयी बोलतो आणि काय गाळतो, हे प्रश्न कथाकवितेला विचारायचे आणि सत्तेच्या कागदाला विचारायचे नाहीत, हे मला पटत नाही.

म्हणून मी येथे एक जुना जाहीरनामा वाचायला घेतो आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांसाठी काँग्रेसने काढलेला हा जाहीरनामा. जुनाच का, तर त्याचा निकाल लागलेला आहे. कुठले कलम पाळले गेले, कुठले बाजूला पडले आणि कुठले पायदळी तुडवले गेले, हे आज आपण पुराव्यानिशी पाहू शकतो.

प्रथम पार्श्वभूमी. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वायत्तता दिली. मतदानाचा हक्क सर्वांना नव्हता. मालमत्ता, शेतसारा, शिक्षण अशा अटींतून जे पार पडतील त्यांनाच मत होते. म्हणजे गावकुसाबाहेरची बहुसंख्य माणसे मतदारयादीच्याही बाहेरच होती. १९३२ च्या पुणे करारान्वये अस्पृश्यांना राखीव जागा मिळाल्या होत्या, पण निवडणूक संयुक्त मतदारसंघातून होणार होती. मुंबई प्रांताच्या असेंब्लीत एकूण १७५ जागा आणि त्यातल्या १५ राखीव. अशा रिंगणात ऑगस्ट १९३६ मध्ये मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने जाहीरनामा मंजूर केला. त्याच महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामाही प्रसिद्ध झाला. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत असे मी अभ्यासवर्गात विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

काँग्रेसचा जाहीरनामा दिसायला मोठा उमदा आहे, हे मान्य केले पाहिजे. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांचा तो पुनरुच्चार करतो. नागरी स्वातंत्र्य देऊ, दडपशाहीचे कायदे रद्द करू, राजबंद्यांना सोडवू असे म्हणतो. शेतकऱ्यावरचा सारा, खंड आणि कर्ज यांचा बोजा हलका करण्याची भाषा करतो. कामगारांना माणसासारखे राहणीमान, संघटना करण्याचा हक्क आणि आपल्या हितरक्षणासाठी संप करण्याचा हक्क मान्य करतो. अस्पृश्यता नष्ट व्हावी आणि 'हरिजनांची' व मागासवर्गीयांची सामाजिक-आर्थिक उन्नती व्हावी, त्यांना सर्व नागरी बाबतीत समान हक्क असावेत, असेही तो सांगतो. पुढे डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे, खेडेगावात भरलेल्या पहिल्या अधिवेशनात, काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. त्यात खंडात सूट, वेठबिगार व सरंजामी वसुलीचा अंत, कुळांना स्थैर्य, शेतमजुरांना जगण्यापुरते वेतन ही कलमे होती. जमीनदारी नष्ट करण्याचे कलम मात्र नव्हते.

आता चिकित्सा. या जाहीरनाम्याची पहिली अडचण त्याच्या हेतूतच आहे. विधिमंडळात आम्ही हा कायदा राबवायला जात नसून तो मोडायला जात आहोत, असे त्याने स्पष्टच म्हटले होते. अधिकारपदे घ्यायची की नाही हा प्रश्नही निवडणुकीनंतरच्या निर्णयावर सोडला होता. साम्राज्यशाहीविरुद्धच्या लढ्याचे डावपेच म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण ज्याला सत्ता घ्यायची की नाही हेच ठरलेले नाही, त्याच्या सामाजिक कलमांना वचन कसे म्हणायचे? ती भूमिका होती, इच्छा होती. 'असावे', 'व्हावे', 'आम्ही बाजूचे आहोत' अशा क्रियापदांनी ती भरलेली आहेत. अमुक कायदा अमुक रीतीने करू, असे अस्पृश्यांविषयीच्या कलमात कुठेही नाही. उन्नती व्हावी, पण ती कोणी करायची आणि कुणाच्या हातातले काय काढून घेऊन करायची, यावर मौन आहे.

दुसरी अडचण नावाची. ज्यांच्याविषयी हे कलम आहे त्यांना न विचारता त्यांचे नाव ठरवले गेले. हा मुद्दा भावनेचा आहे असे म्हणून तो उडवून लावला जातो. पण जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या असेंब्लीत 'हरिजन' शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी त्याला विरोध केला. बहुमताने विरोध फेटाळला गेला आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. ज्यांना समान नागरिक करायचे त्यांना स्वतःच्या नावाविषयीही मत नसावे, ही कुठली समानता?

स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामा वेगळ्या भाषेत बोलतो. कुळांना जमीनदारांच्या जुलमापासून संरक्षण देणारा कायदा, भू-तारण बँका, सहकारी संस्था, गरज असेल तेथे उद्योगांची सरकारी मालकी, कारखान्यातील नेमणूक-बडतर्फीवर नियंत्रण, कामाच्या तासांची मर्यादा, भरपगारी रजा, स्वस्त घरे, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणि तांत्रिक शिक्षण अशी त्याची कलमे आहेत. खेड्यात सभागृह, वाचनालय आणि फिरता सिनेमा असावा इतपत तपशील त्यात आहे. येथे राज्ययंत्रणा मोडायची नसून वापरायची आहे. ज्याच्याजवळ जमीन नाही, भांडवल नाही, जातीची प्रतिष्ठा नाही, त्याच्याजवळ कायद्याशिवाय दुसरे हत्यार कोणते?

निवडणूक फेब्रुवारी १९३७ मध्ये झाली. मुंबई प्रांतात काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या. स्वतंत्र मजूर पक्षाने सतरा उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. मुंबई शहरात बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने पी. बाळू या नामांकित क्रिकेटपटूला उभे केले. स्वतः अस्पृश्य समाजातून आलेल्या, ज्याची फिरकी साहेबालाही खेळता येत नसे अशा माणसाला बाबासाहेबांपुढे उभे करण्यामागची नीती उघड होती. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले. देशभरच्या १५१ राखीव जागांपैकी मात्र ७८ काँग्रेसने जिंकल्या. अस्पृश्यांच्या निम्म्याहून अधिक प्रतिनिधींनी पक्षशिस्तीचे जोखड घेऊनच सभागृहात पाऊल टाकले. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्यात अस्पृश्य समाजाचा एकही मंत्री नव्हता.

या मंत्रिमंडळाने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. राजबंदी सुटले. सविनय कायदेभंगात सरकारने जप्त करून विकलेल्या गुजरातमधील शेतकऱ्यांच्या जमिनी कायदा करून मूळ मालकांना परत मिळवून दिल्या गेल्या. कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी १९३९ मध्ये कायदा झाला, कुळांसाठीही त्याच वर्षी झाला. मग आपली तक्रार काय?

तक्रार समजण्यासाठी मी जाहीरनाम्याच्या प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारतो. या कलमाची किंमत कोण मोजणार? राजबंदी सुटले, त्याची किंमत इंग्रजाच्या प्रतिष्ठेने मोजली. जप्त जमिनी परत मिळाल्या, त्याची किंमत मुख्यतः सरकारी तिजोरीने मोजली. लाभ झाला तो ज्यांना आधीपासून जमीन होती त्यांना. ही कलमे धडाक्यात पाळली गेली. पण ज्या कलमाची किंमत खोताला, गिरणीमालकाला, गावच्या पाटलाला, देवळाच्या पंचाला मोजावी लागणार होती, त्याचे काय झाले ते पाहू.

खोतीचे उदाहरण घ्या. कोकणात रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला होता. सरकारचा सारा तो भरी आणि कुळाकडून अर्धेलीसारख्या हिश्श्याने पीक उचली. वर वेठ, वर भेटी. कुळे कुणबी होती, आगरी होती, महार होती. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांचा संप चालू होता. शेते ओसाड ठेवून लोक जंगलात लाकडे तोडून जगत होते. फैजपूरचा कार्यक्रम सरंजामी वसुलीचा अंत करा म्हणतो, तर खोतीइतके स्पष्ट उदाहरण दुसरे कोणते? १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक असेंब्लीत मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी वीसेक हजार शेतकरी मुंबईत मोर्चाने आले आणि त्यांच्या शिष्टमंडळाने मुख्यमंत्र्यांची भेट घेतली. विधेयक मंजूर झाले नाही. ज्यांच्या जाहीरनाम्याशी ते तंतोतंत जुळत होते त्यांच्याच बहुमतासमोर ते पडून राहिले. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यान्वये, बारा वर्षांनी.

कूळकायदा झाला हे खरे. पण त्याचे संरक्षण मिळण्यासाठी १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसलेली असणे आवश्यक होते. जो दरसालच्या कबुलायतीवर कसतो, ज्याला मालक आज या तुकड्यावर तर उद्या त्या तुकड्यावर फिरवतो, तो यात कसा बसणार? आणि हा कायदा प्रत्यक्ष लागू झाला १९४१ मध्ये, तेव्हा मंत्रिमंडळ जाऊन दीड वर्ष उलटले होते आणि तोही आरंभी चारच जिल्ह्यांत. कर्जनिवारणाचा कायदाही जमीन असलेल्या कर्जदाराचा. शेतमजुराला जगण्यापुरते वेतन हे फैजपूरचे कलम तर कायद्याच्या मसुद्यापर्यंतही पोचले नाही.

दुसरे उदाहरण संपाचे. जाहीरनाम्यात कामगारांच्या संपाच्या हक्काचा उच्चार होता. सप्टेंबर १९३८ मध्ये याच मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. तडजोडीच्या ठरलेल्या पायऱ्या पुऱ्या होण्याआधी केलेला संप बेकायदा आणि शिक्षेस पात्र, असा त्याचा गाभा होता. बाबासाहेबांनी सभागृहात मांडलेला युक्तिवाद आजही प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावा असा आहे. संप म्हणजे नोकरीचा करार मोडणे. ती फार तर दिवाणी बाब आहे, तिला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे आणि त्यालाच गुलामगिरी म्हणतात, असे त्यांनी ठणकावले. येथे मला एक दुवा दिसतो. वेठ म्हणजे काय हे ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या भोगले, त्या समाजाच्या नेत्यालाच गिरणीच्या कायद्यातली वेठ प्रथम दिसावी यात नवल नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. विधेयकाचा कायदा झालाच. नागरी स्वातंत्र्याचे आणि संपाच्या हक्काचे अशी दोन्ही कलमे एकाच रस्त्यावर पडली.

तिसरे उदाहरण वेठबिगारीचे आणि ते मला सर्वांत बोलके वाटते. फैजपूरने वेठबिगार नष्ट करण्याची घोषणा केली. पण महाराष्ट्रातील महाराची वेठ कागदोपत्री वेठ नव्हतीच. तिचे नाव होते वतन. १८७४ च्या वतन कायद्याने ती सरकारमान्य सेवा होती. रात्री-अपरात्री हाक आली की जायचे, आजारी असला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे आणि मोबदला म्हणून इनाम जमिनीचा तुकडा व गावच्या मर्जीवरचे बलुते. बाबासाहेबांनी हे वतन सुधारण्याचे विधेयक १९२८ मध्येच मुंबई कौन्सिलात मांडले होते. म्हणजे प्रश्न अज्ञात नव्हता. तरी जाहीरनाम्याच्या लेखकांना आणि मंत्र्यांना 'वेठबिगार' या शब्दात महार वतन दिसले नाही, कारण ते दिसले असते तर त्याची किंमत परक्या सरकारबरोबर गावगाड्यालाही मोजावी लागली असती. उलट वतनी जमिनीवरच्या जुडीचे दुखणे वाढत गेले आणि डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला वतनदारांची परिषद भरवावी लागली. ही कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ चा. सामान्य शब्द वापरून विशिष्ट अन्याय कसा झाकता येतो, याचा हा धडा आहे.

चौथे, समान नागरी हक्काचे. १९३८ मध्ये मंदिरांविषयी कायदा झाला, पण विश्वस्तांची इच्छा असेल तर त्यांनी देऊळ उघडावे एवढीच मुभा त्याने दिली. अस्पृश्याला हक्क दिला नाही, सवर्णाला औदार्याची सोय करून दिली. हक्काचा कायदा व्हायला १९४७ उजाडले. पाण्याचे म्हणाल तर महाडच्या चवदार तळ्याचा निकाल हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने दिला. तो सत्याग्रहाने आणि दहा वर्षांच्या कोर्टकचेरीने मिळवलेला होता, कुणाच्या जाहीरनाम्याने नव्हे.

यावर आक्षेप येतात. पहिला असा की मंत्रिमंडळाला सव्वादोन वर्षेच मिळाली, नोव्हेंबर १९३९ मध्ये त्याने राजीनामा दिला. बरोबर आहे. पण त्याच सव्वादोन वर्षांत औद्योगिक तंट्यांचा कायदा दोन महिन्यांत रेटून नेण्यास वेळ मिळाला. वेळ कशाला मिळतो यावरूनच अग्रक्रम कळतो. दुसरा आक्षेप असा की स्वतंत्र मजूर पक्षाला सत्ता मिळणारच नव्हती, म्हणून त्याला मोठी वचने देणे सोपे होते. याचे उत्तर त्याच्या कृतीत आहे. निवडणुकीनंतर सात महिन्यांच्या आत त्याने खोतीचे विधेयक लिहून, मांडून दाखवले. अल्पसंख्य पक्षाला जेवढे करता येते तेवढे करणे, हीच जाहीरनाम्याशी इमान राखण्याची कसोटी.

स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामा निर्दोष होता असेही मी मानत नाही. 'मजूर' या नावाखाली सर्व शोषितांना एकत्र आणण्याच्या प्रयत्नात जातीचा प्रश्न काहीसा मागे गेला. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला शिरकाव नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ वाटे. ही भिंत कामगाराने कामगारापुढे उभी केलेली होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू जोडीने सांगितले, तेव्हा ही उणीव उघडपणे भरून निघाली. १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे राहिले. मजूर या नावाने हाक देऊन सवर्ण मजूर पुरेसा आला नाही, हेही त्यामागचे एक कारण आहे असे मला वाटते. आपल्या परंपरेतल्या कागदांचीही अशीच चिकित्सा आपण केली पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच्या जाहीरनाम्यावर बोलण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

खोती गेली, वतने गेली, देवळे कायद्याने उघडली. म्हणजे जाहीरनामा उशिरा का होईना पाळला गेला, असे समाधान काही विद्वान करून घेतात. त्यांना मी एवढेच विचारीन की, १९३७ मध्ये चाळिशीत असलेला महार वतनदार १९५८ मध्ये किती वर्षांचा झाला? मधली वीस वर्षे त्याने कुणाच्या हाकेला ओ दिली? उशीर हा शब्द ज्याच्याजवळ आयुष्य शिल्लक आहे त्याला शोभतो.

आज जाहीरनामे चकचकीत झाले आहेत. आश्वासनांचा आर्थिक आधार सांगावा अशी अपेक्षा निवडणूक आयोगाने २०१४ पासून आचारसंहितेत घातली आहे. परंतु जाहीरनामा मोडला म्हणून पक्षाला न्यायालयात खेचता येईल असा कायदा नाही. ते काम वाचकाचेच आहे, आणि वाचक म्हणजे वस्तीतला कार्यकर्ता, वसतिगृहातला विद्यार्थी, शाळेतला मास्तर. कुठल्याही रंगाचा कागद हाती आला की त्याला विचारा : क्रियापद 'व्हावे' आहे की 'करू'? आमचे नाव कोणी ठरवले? सामान्य शब्दाखाली आमचा कोणता विशिष्ट अन्याय झाकला गेला? आणि सर्वांत शेवटी, या कलमाची किंमत तुमच्यातला कोण मोजणार? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या कागदात नावानिशी दिलेले नाही, त्या कागदावर मत देण्यापूर्वी १९३६ चा कागद आठवावा.